शेत सेंद्रिय, पण साबण? सोलापूरच्या एका बचत गटाचं प्रकरण

(गट खरा आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी रसायनशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, गटाला अधूनमधून मदत करते. या प्रकरणात माझ्याही चुका आहेत, त्या लपवलेल्या नाहीत.)

पार्श्वभूमी

अक्कलकोट रोडच्या बाजूला आठ बायकांचा गट. दोघींच्या घरचे माग बंद पडलेले, तिघी आधी विड्या वळायच्या. सुरुवात शेंगाचटणीने झाली. पण सोलापुरात शेंगाचटणी विकणं म्हणजे पंढरपुरात बुक्का विकण्यासारखं, प्रत्येक दुसऱ्या दुकानात तीच. मग कुठल्याशा दोन दिवसांच्या प्रशिक्षणातून साबण शिकून आल्या आणि त्यात त्यांचा हात बसला.

साबण थंड पद्धतीचा. तेलं एकत्र करायची, कॉस्टिक सोड्याचं पाणी थंड करून त्यात ओतायचं, घोटायचं, साच्यात भरायचं. दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि चार ते सहा आठवडे फळीवर वाळवायच्या. गटाचं वेगळेपण होतं करडईचं तेल. गटाच्या अध्यक्षांचे (पुढे त्यांना ताईच म्हणते) मामा मंगळवेढा तालुक्यात काळ्या रानात ज्वारी आणि करडई घेतात. रासायनिक खत त्यांनी बंद केलं होतं आणि शेजारच्या शेतकऱ्यांबरोबर पीजीएस-इंडियाच्या गटात नाव घातलं होतं. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांच्या शेताची पाहणी करून द्यायचं सहभागी प्रमाणपत्र. केंद्राच्या कृषी मंत्रालयाची ती योजना आहे.

लेबल छापायला गेल्यावर प्रेसवाल्याने तयार डिझाइन दाखवलं. हिरवं पान, खाली "१००% ऑरगॅनिक, केमिकल फ्री". "ताई, सगळे हेच टाकतात." दोन हजार लेबलं छापली. मामांची करडई खरंच बिनखताची होती, त्यामुळे आपण खोटं बोलतोय असं कुणाच्या मनातही आलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा प्रकरणांत लबाडी शोधायची आपल्याला सवय असते. इथे लबाडी नव्हती.

दोन वर्षं गड्डा यात्रेत, प्रदर्शनांत आणि व्हॉट्सॲपवर ८० रुपयांना वडी विकली गेली. जोडीला कोरफडीचं जेल आणि मेणाचा लिप बाम.

अडचण

श्रावणात पुण्याच्या एका दुकानाने दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी ६०० वड्या मागितल्या, ५५ रुपये घाऊक दराने. म्हणजे ३३ हजारांचं काम. गटाची तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. फक्त तीन गोष्टी पाठवा म्हणाले: ऑरगॅनिक सर्टिफिकेट, उत्पादन परवान्याचा नंबर, घटकांची यादी.

ताईंचा मला फोन आला, "मॅडम, मामाचं सर्टिफिकेट हाय की. तेच पाठवू का?"

मी म्हटलं, पाठवा.

ही माझी पहिली चूक. मी कागद न बघता उत्तर दिलं. नशीब, ताईंनी पाठवण्याआधी झेरॉक्स घेऊन, गटातल्या दोघींसह माझ्या घरी चक्कर टाकली. मी चष्मा लावून वाचलं आणि तिघींना बसवून चहा ठेवला.

कागदावर पिकांची नावं होती, तेलाचं नव्हतं. आणि ठळक अक्षरात होतं "पीजीएस-इंडिया ग्रीन". या योजनेत दोन दर्जे आहेत. रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे रूपांतर चालू असलेल्या शेताला "ग्रीन", रूपांतर पूर्ण झाल्यावर "ऑरगॅनिक". म्हणजे मामांनी खत सोडलं होतं, पण कागदाच्या हिशेबात शेत अजून वाटेवर होतं. मामांना हा फरक माहीत होता. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

साबणाच्या बाबतीत "ऑरगॅनिक" म्हणजे नेमकं काय

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

शाळेत आपण सेंद्रिय संयुगं शिकलो ती कार्बनची. त्या अर्थाने क्रीम टिकावं म्हणून घालतात ते पॅराबेनही सेंद्रियच. बाजारातला "ऑरगॅनिक" तो नव्हे. बाजारातला शब्द शेताबद्दल बोलतो: पीक कसं वाढवलं, त्यावर काय फवारलं, पुढे ते कुठून कुठून गेलं. वस्तू अंगाला मानवेल की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

भारतात सेंद्रिय शेतमालासाठी एनपीओपी हा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून आहे, अपेडा ही केंद्राची शेतमाल निर्यातीची संस्था तो चालवते. अन्नासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१७ चे सेंद्रिय अन्नाचे नियम आणि "जैविक भारत" हे चिन्ह आहे. साबण, क्रीम, जेल मात्र अन्न नव्हेत. ते येतात १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांखाली. तिथे परवाना, बॅच नंबर, घटकांची यादी, वापराची मुदत हे सगळं मागितलं जातं. साबण अमुक टक्के असेल तरच ऑरगॅनिक म्हणा, अशी मोजपट्टी त्यात नाही. पण म्हणून रान मोकळं नाही. घेणाऱ्याची दिशाभूल होईल असा दावा सौंदर्यप्रसाधनावर करता येत नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांवर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत "नैसर्गिक", "ऑरगॅनिक", "शुद्ध" असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि नेमका खुलासा केल्याशिवाय वापरू नका असं म्हटलं आहे.

मग सौंदर्यप्रसाधनांवर जी ऑरगॅनिक चिन्हं दिसतात ती बहुतेक खासगी मानकांची असतात. युरोपातल्या पाच संस्थांनी मिळून केलेलं कॉसमॉस हे त्यातलं मोठं. कॉसमॉस ऑरगॅनिकसाठी नुसत्या भौतिक प्रक्रियेतून (दाबून, दळून, गाळून) आलेल्या शेतीजन्य घटकांपैकी किमान ९५ टक्के सेंद्रिय लागतात. शिवाय एकूण वस्तूच्या वजनात किमान २० टक्के सेंद्रिय हवं, धुवून टाकायच्या वस्तूंना १० टक्के चालतं. पाणी सेंद्रिय धरत नाहीत. उलट आयएसओ १६१२८ या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये नैसर्गिकतेचा निर्देशांक पाणी धरूनही काढता येतो. त्यामुळे लेबलवरचा टक्का कशाचा टक्का आहे, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

गटाला हे कळावं म्हणून मी त्यांच्याच पातेल्याचा हिशेब मांडला. एक किलो तेलात ४०० ग्रॅम करडई, ३०० नारळ, २५० पाम, ५० एरंडेल. त्याला साधारण १४४ ग्रॅम कॉस्टिक आणि २९० ग्रॅम पाणी. करडई पूर्ण सेंद्रिय धरली, तरी:

फक्त तेलांत मोजलं तर ४० टक्के.
पाणी वगळून मोजलं तर ३५ टक्के.
सगळं पातेलं मोजलं तर २८ टक्के.

एकाच पातेल्याचे तीन आकडे, तिन्ही खरे, आणि १०० च्या जवळ एकही नाही. नारळ तेल किराणा बाजारातलं, पाम टिनातलं, "चंदन" तर सुगंधाची तयार बाटली. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग गटातल्या सर्वांत धाकट्या सुनेने विचारलं, "मग केमिकल फ्री तरी?"

ते तर त्याहून वाईट. कॉस्टिकशिवाय साबणच होत नाही. तेल आणि कॉस्टिक यांची क्रिया होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. माप बरोबर असेल तर वडीत कॉस्टिक उरत नाही, आणि गट पाच टक्के तेल जास्तच ठेवतो. कॉसमॉससारखी मानकंही साबणासाठी कॉस्टिक चालवून घेतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण "केमिकल फ्री" लिहिण्यासारखंही नाही.

याच बैठकीत गड्डा यात्रेतली एक जुनी तक्रार निघाली. एका आईने बाळाच्या मानेवर पुरळ आल्याचं सांगितलं होतं, "ऑरगॅनिक असून कसं?" म्हणून. गटाने तेव्हा पैसे परत देऊन विषय मिटवला होता. पुरळ कशाने आलं हे आज सांगता येणार नाही. संशय घ्यायचा तर मी आधी सुगंधावर घेईन. पण नुसत्या तेलाचा खरा साबणही ९ ते १० पीएचचा, म्हणजे अल्कधर्मी असतो, नाजूक कातडीला तोही झोंबू शकतो. तेल कुठल्या शेतातलं याने त्यात काही फरक पडत नाही.

पर्याय

पहिला पर्याय बाहेरून आला. तेलाच्या एका व्यापाऱ्याने निरोप धाडला: माझ्याकडे सर्टिफाइड नारळ तेलाचा कागद आहे, झेरॉक्स देतो, तेल माझं नेहमीचं घ्या. दोघींना हे पटत होतं. ३३ हजार समोर होते आणि कोण बघणार होतं? ताईंनी एका वाक्यात बंद केलं, "कागद एकाचा, तेल दुसऱ्याचं, तोंड माझं. जमणार न्हाई."

दुसरा, कॉसमॉससारखं प्रमाणपत्र घेणं. तपासणीचा खर्च, दरवर्षीचं नूतनीकरण, प्रत्येक घटकाचे कागद. चौकशीत जो आकडा आला तो गटाच्या वर्षभराच्या नफ्यापेक्षा मोठा होता. पाच मिनिटांत बाजूला ठेवला.

तिसरा, "ऑरगॅनिक" शब्द काढून साधा करडईचा साबण म्हणून विकणं.

चौथा, साबणाला काहीच न म्हणता तेलाबद्दल बोलणं: कुठलं तेल, किती, कोणत्या दर्जाच्या शेतातलं. मला हाच आवडला आणि मी त्याच्यामागे जरा जास्तच लागले.

मी दोन संध्याकाळी शब्दरचनेवर घालवल्या. आणि दुकानाने मागितलेल्या तीन गोष्टींपैकी दुसरीकडे आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं. उत्पादन परवाना. तो नव्हताच. दोन वर्षं साबण स्वयंपाकघरात होत होता. घरगुती म्हणजे परवाना लागत नाही, असा सगळ्यांचा समज. विक्रीसाठी साबण बनवायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून सौंदर्यप्रसाधनाचा उत्पादन परवाना लागतो. त्याला वेगळी जागा आणि रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माण शिकलेली जाणती व्यक्ती लागते. शिवाय वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे कमाल किंमत, निव्वळ वजन, तक्रारीसाठी संपर्क हेही हवं. आमच्या लेबलवर यातलं निम्मंही नव्हतं. हिरवं पान मात्र होतं.

काय केलं

ऑर्डर सोडली. सरळ दुकानाला कळवलं, की परवाना नाही, प्रमाणपत्र रूपांतरातल्या शेताचं आहे, या दिवाळीला देता येणार नाही. गटात यावरून वाद झाला. एकीने महिनाभर येणं बंद केलं. तिच्या मुलाची फी त्या पैशांतून भरायची ठरली होती, आणि तिचा राग चुकीचा होता असं मला आजही म्हणवत नाही.

परवान्यासाठी दोन वाटा होत्या. स्वतःची जागा भाड्याने घेऊन स्वतःचा परवाना, किंवा लोन लायसन्स, म्हणजे आधीच परवाना असलेल्या कारखान्याच्या जागेत आपला माल आपल्या नावाने बनवायचा. पहिलीत भाड्याचा बोजा कायमचा. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखानदाराने आठवड्यातले दोन दिवस जागा द्यायचं कबूल केलं, म्हणून दुसरी घेतली. जाणती व्यक्ती म्हणून कामाला आली ती तीच धाकटी सून. बीएस्सी केमिस्ट्री. लग्नानंतर पदवी कपाटात गेली होती आणि गटात ती वड्यांना कागद गुंडाळायचं काम करायची. दोन वर्षांत मीही तिला कधी विचारलं नव्हतं.

जुन्या लेबलच्या ३४० वड्या विकल्या नाहीत. नणंदा-जावांच्या घरी भरपूर पुरल्या. उरलेली लेबलं रद्दीत गेली.

करडईचा घोळ वेगळाच होता. उन्हाळ्यात केलेल्या वड्यांवर जूनपर्यंत नारिंगी ठिपके यायचे आणि वास खवट व्हायचा. गटाला वाटायचं साच्याला गंज असेल. कारण तेलातच होतं. नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल खूप असतं आणि ते हवेने लवकर खराब होतं. त्यात पाच टक्के तेल मोकळं ठेवलेलं आणि सोलापूरचा एप्रिल. म्हणजे ज्या तेलाच्या जोरावर ऑरगॅनिक म्हणायचं, तेच वडी खराब करत होतं. करडई ४०० वरून २०० ग्रॅमवर आणली, पाम तेवढं वाढवलं. तेलांतला टक्का २० झाला, सगळ्या पातेल्यातला १४. ताईंना हे लागलं, कारण लेबलवरचा आकडा निम्मा झाला. पण ठिपके जवळपास थांबले.

आणि घाणा. मामांची करडई ज्या लाकडी घाण्यावर जायची तिथे दिवसभर गावाची करडई, शेंगदाणे, सगळंच गाळलं जातं. शेत कितीही चोख असलं तरी तिथे माल मिसळला की सेंद्रियपणाची साखळी तुटते. घाणेवाल्या काकांशी ताईंनी बोलून ठरवलं: सकाळी घाणा धुऊन-पुसून पहिली पाळी आमची, त्यातला पहिला घाणा बाजूला काढायचा, तो घरच्या फोडणीला, आणि पुढच्या घाण्यांचं तेल नव्या डब्यात, तारीख टाकून. काका आधी हसले. "तेलाला बी सोवळं पाळायला लागलं का?" पण वहीत नोंद करायला तयार झाले: तारीख, बी किती, तेल किती, पेंड किती. तेल बियाण्याच्या मानाने जास्त दिसलं तर भेसळ कळते. त्या वहीसाठी एक रुपयाही लागला नाही.

कोरफडीचं जेल बंद केलं. ते "प्रिझर्व्हेटिव्ह फ्री" म्हणून विकलं जायचं आणि पाण्याचा अंश एवढा की दोन आठवड्यांत बुरशी धरायचं. पाणी असलेल्या वस्तूला जंतूंपासून राखणारं काहीतरी लागतंच. सोडियम बेन्झोएट, पोटॅशियम सॉर्बेट यांसारखी काही संरक्षकं कॉसमॉसलाही मान्य आहेत. लिप बाम ठेवला. त्यात पाणी नाही, क्रिया नाही, नुसतं मेण आणि तेल वितळवून मिसळायचं. टक्का काढायला सगळ्यात सोपी वस्तू तीच, आणि तिच्याकडे गटाने कधी लक्षच दिलं नव्हतं.

निष्पत्ती

पुढच्या हंगामात मामांच्या गटाला "ऑरगॅनिक" दर्जा मिळाला. फेब्रुवारी-मार्चची करडई त्या कागदाखाली आली. उन्हाळ्यात लोन लायसन्सही हाती आलं. नव्या लेबलवर पुढे मोठ्या अक्षरात "करडईचा साबण". मागे घटक, परवाना, बॅच, मुदत, आणि एक ओळ: "वापरलेल्या तेलांपैकी २० टक्के करडई तेल, पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक प्रमाणित शेतातल्या बियाण्याचं." योजनेचं चिन्ह घातलं नाही, कारण प्रमाणपत्र पिकाचं आहे, साबणाचं नाही. यावर मी आणि सून भांडलो. तिचं म्हणणं, एवढे कष्ट केले तर चिन्ह का नको? पण घेणारा चिन्ह बघतो, ओळ वाचत नाही. शेवटी तिनेच ते काढलं.

"चंदन" सुगंध असलेल्या वड्या वेगळ्या केल्या आणि त्यांच्या घटकांत सुगंध स्पष्ट लिहिला. बिनवासाची वडी लहान मुलांच्या आया जास्त नेतात, हे नंतर लक्षात आलं.

पुण्याच्या दुकानाने दुसऱ्या दिवाळीला २४० वड्या घेतल्या, ६०० नव्हे. गड्ड्यात विक्री आधीपेक्षा थोडी कमी झाली. शेजारच्या स्टॉलवर "१००% ऑरगॅनिक" लिहिलेला साबण ६० रुपयांना होता आणि गिऱ्हाईक दोन्ही वड्या हातात धरून विचारायचं, "तुमचा का न्हाई ऑरगॅनिक?" याला गर्दीत देता येईल असं छोटं उत्तर आम्हाला अजून सापडलेलं नाही. ताई करडईचं बी मुठीत ठेवतात आणि ते दाखवून बोलायला लागतात. निम्मे ऐकतात.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. परवाना आधी, शब्द नंतर. श्रावणात पहिल्याच दिवशी मी तिन्ही मागण्या एका कागदावर लिहून प्रत्येकीपुढे "आहे, नाही" केलं असतं, तर शब्दरचनेच्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या आणि ऑर्डर हातची जाणार हे महिनाभर आधी कळून गटाने चटणीची तयारी केली असती. फी भरायची होती तिला तेवढा तरी आधार झाला असता.

मामांशी पहिल्यांदा कुणी बोलायला गेलं ते भाद्रपदात. दोन वर्षं त्यांचं तेल वापरून त्यांच्या कागदाचा दर्जा आम्ही विचारला नव्हता.

ठिपक्यांचं मात्र वेगळं काही करता आलं नसतं असं वाटतं. दोन उन्हाळे गेल्याशिवाय ते कळणारं नव्हतं.

पुण्याच्या दुकानाचा आता नवा प्रश्न आहे: नारळ तेल कधी सर्टिफाइड घेणार? सून हिशेब करून आली. दर एवढा चढतो की वडी १०५ रुपयांच्या खाली देता येत नाही. गटाने मत घेतलं. सहा विरुद्ध दोन, या वर्षी नाही.